पान, ज्याला डोळा होता

रात्री अंथरुणात मोबाइलवर व्हिडिओ पाहत होते. समुद्री शेवाळाचं एक पान हललं आणि त्या पानाला डोळा निघाला! लीफी सी-ड्रॅगन. मी तो लगेच तिघींना पाठवला.

हा समुद्रघोड्याचा भाऊबंद फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याला राहतो. अंगावरची पानं निव्वळ सोंग. पोहणं होतं ते जवळजवळ न दिसणाऱ्या इवल्या परांनी. दात नाहीत, जठरही नाही. नळीसारख्या तोंडाने बारीक कोळंबीसारखे जीव ओढून घ्यायचे. मादीने दिलेली अडीचशेच्या आसपास अंडी नर शेपटीखाली वागवतो.

त्याचं सगळं अंग म्हणतं, मला पाहू नका. आणि नेमकं तेच अंग पाहायला आपण पाण्यात उतरतो. हे प्रेम की घुसखोरी?

त्याचा एक नातलग, रूबी सी-ड्रॅगन, 1919 मध्ये पर्थच्या किनाऱ्यावर मेलेला सापडला. संग्रहालयात पडून राहिला. वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालं 2015 मध्ये. जिवंत दिसला 2016 मध्ये. तोवर आपल्यावाचून त्याचं काहीच अडलं नव्हतं.

पण 2025 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात विषारी शैवाल माजलं, तेव्हा किनाऱ्यावर मेलेले सी-ड्रॅगन आले. कुणी पाहिलेच नसते, तर हळहळलं कोण असतं? इथे माझं उत्तर डळमळतं.

माझी एक मैत्रीण फोटो काढू देत नाही. मी एकदा तिच्या नकळत काढला, ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी कौतुक केलं. ती दोन महिने बोलली नाही.

फोटो खरंच सुंदर आहे. अजून फोनमध्ये आहे.