कणगीतले बी

विक्रमशिला हे नाव त्या जागी पोचण्याआधीच वाटेत अनेकदा भेटते. भागलपूरला गंगेवर बांधलेल्या पुलाचे नाव तेच, दिल्लीला जाणाऱ्या आगगाडीचे तेच, आणि सुलतानगंजपासून कहलगावपर्यंत नदीचा जो पट्टा डॉल्फिनांसाठी राखून ठेवला आहे त्याचेही तेच. ज्या महाविहाराचे हे नाव, तो मात्र अंतीचक गावाच्या शेतशिवारात विटांच्या बुटक्या भिंतींच्या रूपाने उरला आहे, आणि त्या भिंतींमधून हिंडताना वास्तूपेक्षा तिचा आराखडाच अधिक जाणवत राहतो.

आठव्या शतकाच्या अखेरीस पाल राजा धर्मपालाने तो वसवला. मध्यभागी चौबाहू स्तूप, भोवती विस्तीर्ण चौक, आणि चौकाच्या चारही अंगांना भिक्षूंच्या दोनशे आठ खोल्या. काहींच्या पोटात ध्यानासाठी बांधलेली भुयारी दालने. एका खोलीच्या उंबरठ्याशी मी बराच वेळ थांबलो. माणसाला विचार करायला किती जागा लागते, याचे इतके नेमके आणि इतके संयत उत्तर मी क्वचितच पाहिले आहे.

स्तूपाच्या अंगावर मात्र हा संयम नाही. तिथे भाजलेल्या मातीच्या फलकांची रांग आहे, आणि तीत बुद्ध, तारा, अवलोकितेश्वर यांच्या सोबतीला विष्णू आहे, पार्वती आहे, हनुमान आहे. शिवाय ढोल वाजवणारे, धनुर्धर, गारुडी, रानडुकरे, माकडे, हरणे. एका फलकावरच्या वादकाचा चेहरा पावसापाण्याने पुसट झाला आहे, पण कमरेतला बाक अजून तालात आहे. घडवणाऱ्याने ओली माती किती घाईने आणि किती भरवशाने दाबली असेल, ते त्या बाकावरून कळते. संसार सोडून आलेल्यांनी आपल्या उपासनेच्या प्रदक्षिणापथावर सगळा संसार मांडून ठेवला, ही मला विसंगती वाटत नाही. ज्याला जगाचे स्वरूप जाणायचे आहे त्याला जग रोज डोळ्यांसमोर असावेच लागते.

याच विहाराच्या द्वारपंडितांमध्ये ज्ञानश्रीमित्र यांची गणना होते. रत्नाकरशांती, नारोपा ही त्यांच्याच मालिकेतली नावे. इथलेच आचार्य अतीश दीपंकर 1040च्या सुमारास तिबेटला गेले आणि परतले नाहीत. ज्ञानश्रींनी क्षणभंगावर, म्हणजे वस्तूंच्या क्षणिकतेवर, एक प्रौढ ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे मी अंतीचकच्या त्या उन्हात पुन्हा मनाशी लावून पाहत होतो. असणे म्हणजे काहीतरी घडवणे. जे काहीच घडवत नाही ते असून नसल्यातच जमा. कणगीतले बी अंकुर धरत नाही, शेतातले धरते. मग दोन्ही ठिकाणचे बी एकच कसे? अंकुरण्याचे सामर्थ्य त्याच्यात होते तर ते कणगीतच का उगवले नाही, आणि नव्हते तर शेतात कुठून आले? म्हणून एकच टिकून राहिलेले बी असे काही नसतेच. असते ती क्षणोक्षणी उपजणाऱ्या आणि लोपणाऱ्या बियांची परंपरा, आणि अंकुर फुटतो तो तिच्या एका विशिष्ट क्षणातून.

भग्नावशेषांपुढे उभे राहिले की आपल्याला सगळे अनित्य असल्याची जाणीव होते, आणि ती जाणीव आपल्याला फार खोल वाटते. तेराव्या शतकाच्या आरंभी, तुर्की स्वाऱ्यांच्या धामधुमीत हा विहार उजाड झाला, तेव्हा ज्ञानश्रींचा सिद्धांत जणू सिद्धच झाला, असे म्हणायचा मोह होतो. पण त्यांना या पडझडीचा पुरावा लागला नसता. चुना वाळायच्या आतली नवी भिंत आणि आजची ही ढासळलेली भिंत त्यांच्या दृष्टीने सारखीच क्षणिक. पडलेल्या वास्तूचे दुःख हे आपले दुःख आहे, तत्त्वज्ञानाचे नव्हे. आणि ते आपले आहे म्हणून त्याची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही.

ज्ञानश्रींच्या ग्रंथाचे मूळ संस्कृत भारतातून नाहीसे झाले होते. 1930च्या दशकात राहुल सांकृत्यायन हिमालय ओलांडून तिबेटच्या मठांमधून संस्कृत पोथ्यांचा शोध घेत हिंडले. त्या शोधात या ग्रंथासह ज्ञानश्रींचे निबंध हाती लागले, छायाचित्रांत उतरवले गेले, आणि अनंतलाल ठाकूर यांनी संपादित केलेली त्यांची आवृत्ती 1959 साली पाटण्याहून निघाली. पुढच्याच वर्षी पाटणा विद्यापीठाने अंतीचकला उत्खनन सुरू केले. म्हणजे शब्द वर आले ते विटांच्या आधी.

गंगेपलीकडच्या मिथिलेतले नैयायिक उदयनाचार्य यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ लिहून ज्ञानश्रींचे मत कसोशीने खोडून काढण्याचा प्रयत्न केला. प्रतिपक्षाला इतक्या बारकाईने वाचणारा वाचक लाभणे हेही मोठे भाग्यच. नैयायिकांचे उत्तर तसे शेतकऱ्याला लगेच पटेल असे आहे: बी तेच, त्याला माती आणि ओल यांची जोड हवी होती. परक्या देशातल्या मठात कित्येक शतके मिटून पडलेली आणि पाटण्याला छापून निघालेली ती पोथी आठवली की माझे मन उदयनांकडे झुकते. खुद्द ज्ञानश्रींचा ग्रंथच कणगीतल्या बियासारखा वाट पाहत राहिला की काय, असे वाटते. ज्ञानश्रींनी हे मान्य केले नसते. मठात ठेवली गेली ती पोथी, छायाचित्रांत उतरली ती आणि पाटण्यात छापली गेली ती या साऱ्या वेगवेगळ्या, त्यांना एक नाव देणारी सवय तेवढी तुमची, असे त्यांनी शांतपणे सांगितले असते, आणि पुढचे प्रमाण मांडायला घेतले असते.