तोंड नसलेल्या देहाचं वर्णन

घारीच्या आतड्यात राहणाऱ्या एका कृमीला तोंड नसतं. घसा, जठर, आतडं, गुदद्वार यांतलंही काही नसतं. ज्याचं प्रौढ आयुष्य सगळंच्या सगळं दुसऱ्याच्या आतड्यात जातं, त्याला स्वतःचं आतडं मुळीच नाही. सेंट्रोरिंकस वंशातले हे कृमी काटेरी डोक्याच्या कृमींच्या, म्हणजे ॲकॅन्थोसेफालाच्या गटात मोडतात. घारी, गरुड, घुबडं, पिंगळे अशा शिकारी पक्ष्यांत ते प्रौढ होतात. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यातला बराच काळ सूक्ष्मदर्शकाखाली असल्या कृमींचं वर्णन लिहिण्यात गेला. शरीररचनेचं वर्णन म्हणजे जे दिसतं ते मोजून लिहिणं, असं विद्यार्थ्यांना वाटतं. या कृमीबाबत मात्र जे नाही तिथूनच सुरुवात करावी लागते.

हा कृमी हाती येतो तो पक्षी मेल्यावर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. कृमी शोधायला शिकारी पक्षी मारण्याचा काळ मागे पडला, हे फार बरं झालं. आता संक्रांतीच्या मांज्यात अडकून पंख कापलेली घार, विजेच्या तारेला चिकटून मेलेलं घुबड, रस्त्यावर गाडीखाली आलेला पिंगळा, यांचं वनविभागाच्या परवानगीने शवविच्छेदन होतं, तेव्हा आतडं उघडून पाहता येतं. पक्षी ताजा असला तरच उपयोग. आतड्यातला जिवंत कृमी पांढुरका, चपटा आणि सुरकुतलेला दिसतो. नवख्याला तो पट्टकृमीचा तुकडा वाटावा. तो सोडवताना ओढायचा नाही, आतड्याच्या अस्तरासकट अलगद सुटा करायचा. मग थंड पाण्यात ठेवायचा. पाणी शोषून तो हळूहळू फुगतो, गोल होतो आणि आत ओढलेली सोंड बाहेर येते. घाई करून थेट फॉर्मलिनमध्ये टाकला तर सोंड आतच राहते, आणि जात ओळखण्याची वाट बहुतेक बंद होते. म्हणून पाण्याच्या बशीपाशी बसून राहण्याला पर्याय नाही.

सगळी ओळख त्या सोंडेत आहे. सदऱ्याची बाही उलटी करून आत ओढावी तशी ती आत जाते, आणि बाहेर येताना तिच्यावरचे आकडे एकेक करून उलगडतात. आकडे उभ्या रांगांत असतात. रांगा साधारण तिसाच्या आसपास, कमी-जास्त जातीनुसार. पुढच्या भागातले आकडे दणकट, मागे वळलेले, आणि त्यांना सोंडेच्या भिंतीत रुतलेलं मूळ असतं. मागे जावं तसं मूळ आखूड होत जातं, शेवटी नाहीसं होतं आणि उरतात नुसते काटे. सोंड ज्या स्नायूंच्या पिशवीत ओढली जाते, ती पिशवी इतर बऱ्याच काटेरी कृमींत सोंडेच्या बुडाशी जोडलेली असते; सेंट्रोरिंकसमध्ये ती मध्यावर जोडलेली असते. त्यामुळे सोंडेचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग पडतात. त्याच पिशवीत मेंदूही असतो, म्हणजे चेतापेशींची छोटीशी गाठ. आकडा आणि मेंदू इतक्या जवळ असणं मला नेहमी विचारात पाडतं. या प्राण्याला एकच गोष्ट सतत जमवायची आहे, ती म्हणजे धरून राहणं.

खाण्याचं काम कातडी करते. तिच्यात पेशींना पेशींपासून वेगळं करणाऱ्या भिंती नाहीत. सलग एकच थर, त्यात केंद्रकं, पृष्ठभागावर असंख्य बारीक छिद्रं, आणि आत द्रवाने भरलेल्या नलिकांचं जाळं. पक्ष्याने पचवून तयार केलेलं अन्न इथून थेट आत झिरपतं. स्नायूसुद्धा पोकळ आणि द्रवाने भरलेले. मानेपासून दोन लांबट पिशव्या शरीरात लोंबतात. सोंड बाहेर येते-जाते तेव्हा द्रवाची जी ये-जा होते, तिच्याशी त्यांचा संबंध मानला जातो. या विचित्र कातडीच्या प्राण्याचे नातेवाईक कोण, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. १९९०च्या दशकात जनुकांच्या अभ्यासातून उत्तर मिळालं: डबक्यात फिरणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे रोटिफर. त्यांच्याही कातडीत तोच सलग थर आहे. रोटिफरला मात्र तोंड आहे, जबडे आहेत, पचनमार्ग आहे. म्हणजे आपल्या कृमीच्या पूर्वजांनी हे सारं कधीतरी सोडून दिलं.

मला या देहातला सर्वांत अचंबित करणारा भाग वाटतो तो मादीचा. तिच्या पूर्ण वाढलेल्या शरीरात अंडाशय जागेवर नसतो. तो फुटून त्याचे गोळे देहपोकळीत तरंगत असतात, आणि त्यांच्यापासून सुटलेली हजारो अंडीही तिथेच तरंगतात, काही कच्ची, काही पक्व. मागच्या टोकाला घंटेच्या आकाराचा एक स्नायुमय अवयव आहे, गर्भाशयघंटा. ती आकुंचन-प्रसरण पावत अंडी आत ओढून घेते आणि निवडते. पक्व अंडी पुढे गर्भाशयाकडे जातात, कच्ची अंडी बाजूच्या वाटेने परत देहपोकळीत सोडली जातात. लाल रंगात रंगवलेल्या, लवंगतेलात पारदर्शक झालेल्या मादीत ही घंटा मी पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा बराच वेळ काचपट्टी बदलावीशीच वाटली नाही. इतकी नेमकी यंत्रणा, आणि ती काही सेंटिमीटरच्या, दोऱ्याएवढ्या जाडीच्या देहात.

आमच्या मार्गदर्शक सरांचा आग्रह चित्राचा होता. फोटो जोडायला हरकत नाही, पण आधी कॅमेरा ल्युसिडा या रेखाटनाच्या उपकरणातून हाताने काढलेलं चित्र, त्यावर मोजपट्टी, मगच नावाचा विचार. मी वाद घालत असे. आज माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. फोटो एका खोलीवरचं दृश्य पकडतो. हात चित्र काढत असतो तेव्हा डोळा सूक्ष्मदर्शकाची पातळी वर-खाली करत वरचा आकडा आणि खालचं मूळ जोडून पाहतो. पुढे जनुकांचा क्रम काढणं सोपं झालं, ते करायलाच हवं. पण क्रम कोणाचा काढला हे सांगायला काचपट्टी आणि चित्र लागतंच. नमुना पुण्यात आकुर्डीला किंवा कोलकात्याला प्राणी सर्वेक्षण विभागाच्या संग्रहात ठेवलेला असला तरच पुढचा अभ्यासक तो पुन्हा पाहू शकतो.

तरीही पूर्ण चित्र काढून झाल्यावर एक उणीव राहते. या कृमीचं अंडं घारीच्या विष्ठेतून जमिनीवर पडतं आणि एखाद्या कीटकाने ते गिळलं तरच पुढे जातं. कीटकात अळी वाढते. तो कीटक सरड्याने, बेडकाने किंवा सापाने खाल्ला तर तिथे ती न वाढता पुटीत गुंडाळून थांबते. आणि तो सरडा घारीच्या पोटात गेला की सोंड उलगडते. आकड्यांचा अर्थ पक्ष्याच्या आतड्यावाचून लागत नाही, आणि आतड्यातल्या कृमीचा अर्थ माळावरच्या किड्यावाचून. असाच एका पक्ष्याशी बांधलेला दुसरा परजीवी मला आठवतो. कॅलिफोर्नियातला काँडॉर हा गिधाडवर्गीय पक्षी नामशेष होऊ नये म्हणून १९८७ सालापर्यंत रानात उरलेले सगळे पक्षी पकडून आणले गेले. त्यांच्या अंगावरच्या उवा औषधाने मारल्या गेल्या. त्यातली एक जात फक्त त्याच पक्ष्यावर राहणारी होती; ती पुन्हा सापडली नाही. पक्षी वाचला याचा आनंद मोठाच आहे. पण त्या उवेची नीट रेखाटलेली चित्रं आणि जपलेले नमुने नसते, तर काय गेलं हेही कळलं नसतं.

आमच्या शहरातली घार आता कचरा डेपोवर आणि मटणाच्या दुकानांमागे पोट भरते, मोबाइल टॉवरवर घरटं करते. तिची विष्ठा काँक्रीटवर पडते. तिच्या आतड्यात हा कृमी गावाकडच्या घारीइतकाच सापडतो का, हे मला जाणून घ्यायचं आहे. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगते, बाटलीवरच्या चिठ्ठीवर पक्ष्याचं नाव, आतड्याचा भाग, ठिकाण आणि तारीख लिहाच. शिवाय जठरात काय सापडलं तेही लिहा. टोळाचा पाय असेल तर टोळाचा पाय, कोंबडीचं आतडं असेल तर कोंबडीचं आतडं. आणि एकही कृमी सापडला नाही, तर तेही त्याच काळजीने नोंदवा.