खरे आकडे, खोटे चित्र

औषधकंपन्या व इस्पितळे यांच्यासाठी संगणकावर सादरीकरणाची पाने तयार करणे, म्हणजे आकडे व आलेख असे मांडणे की सभागृहातील डॉक्टरांना ते दोन मिनिटांत उमजावेत, हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. हुबळी-धारवाडच्या तरुणालाही तो घरी बसून करता येतो. "आकडे माझे नाहीत, मी फक्त ते नीट दिसतील असे पाहतो," असे हे काम करणारा सहज म्हणू शकेल. हे म्हणणे कितपत टिकते?

समजा, एका गोळीमुळे हजारात दोघांना होणारा विकार एकावर आला. "विकार निम्म्याने घटला" हे खरे, आणि "हजारात एकजण वाचला" हेही खरे. पहिल्या वाक्याला टाळ्या पडतात. दुसरे ऐकून डॉक्टर गोळीची किंमत विचारतो. आलेखाची उभी रेघ शून्याऐवजी ९० पासून सुरू केली की ९२ च्या शेजारी ९६ तिप्पट उंच दिसतात. आकडा एकही बदललेला नसतो.

हेतू चांगला असला म्हणून भागत नाही. १९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये, काही संततिनियमनाच्या गोळ्यांनी रक्ताची गाठ होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा देण्यात आला. दुप्पट म्हणजे सात हजारांत एकाऐवजी दोन. घाबरून अनेक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले असा अंदाज आहे. गरोदरपणात गाठीचा धोका त्या गोळ्यांहूनही अधिक असतो!

हेतू वाईट असल्याचेही उदाहरण आहे. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यू फ्रेडरिक या अमेरिकन कंपनीने २००७ मध्ये कबूल केला. रक्तातील औषधाचे चढउतार प्रत्यक्षाहून सौम्य भासवणारे आलेख त्या प्रकरणात होते. कंपनीबरोबर तिच्या तीन उच्चाधिकाऱ्यांनी कबुली दिली. रेघा ओढणारा त्यांत नव्हता.

वाचकहो, रविवारच्या शाळेत फ्लॅनेलच्या फलकावर कोणती चित्रे लावावी व कोणती पिशवीतच ठेवावी, हे शिक्षकाला ठरवावेच लागते. निवड करणे म्हणजे असत्य नव्हे. नाहीतर कोणालाच काही शिकवता येणार नाही. परंतु गाळलेली गोष्ट कळली असती तर ऐकणाऱ्याने निराळा निर्णय घेतला असता काय, हा प्रश्न मला निर्णायक वाटतो. खोट्या साक्षीची आज्ञा शिकवताना आपण केवळ जिभेचा विचार करतो. साक्ष रेघेनेही देता येते, आणि येथे ती ज्याच्याविषयी दिली जाते तो नवलगुंदचा किंवा कलघटगीचा रोगी सभागृहात नसतोच. त्याच्या हाती फक्त चिठ्ठी येते.

नकार द्यावा तर काम दुसऱ्याकडे जाते, हेही खोटे नाही. घरभाडे सर्वांनाच द्यावे लागते. तरी नकाराआधी एक पायरी आहे. टक्क्यांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, "हजारात किती" हे लिहून मसुदा पाठवावा. तो आकडा काढून टाका असे कोणी सांगितले, तर ते लेखी मागावे.