कोलेस्टेरॉल, प्रारब्ध आणि क्रियमाण

हृदयविकाराने माणूस गेला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात: 'त्याचे भोग' आणि 'पथ्य पाळायला हवं होतं'. पहिले सारा भार प्रारब्धावर टाकते, दुसरे सारा दोष माणसावर. रोगाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र दोन्हींतून सुटत नाही.

साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध ताप सांगितले. शरीरातले रोग त्यांनी आध्यात्मिक तापात, म्हणजे देह, इंद्रिये आणि प्राण यांपासून उपजणाऱ्या दुःखात मोजले. दुष्कर्मांबद्दलची यमयातना आधिदैविक तापात, वेगळ्या समासात येते. रोगाचे मूळ देहातच शोधायला ही मांडणी वाव देते.

देहात पाहिले तर कोलेस्टेरॉल मुळात शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पित्ताम्ले त्यापासून बनतात. बरेचसे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण वाढून राहिले की ते धमनीच्या आतल्या अस्तरात शिरतात. तिथे पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि वर्षानुवर्षे मेदाचा थर साठत जातो. हा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाली, तर हृदयाचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो.

यकृत हे एलडीएल रक्तातून कसे उचलते, याच्या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन या संशोधकांना 1985 चे नोबेल मिळाले. ही उचलण्याची क्षमता काहींना जन्मतःच कमी मिळते. अशांना काटेकोर पथ्य पाळूनही तरुणपणी झटका येऊ शकतो. परंपरेच्या भाषेत हे प्रारब्ध, आणि त्याबद्दल कोणाला दोषी धरणे अन्याय आहे.

क्रियमाण, म्हणजे आता घडत असलेले कर्म, मात्र हातात असते. एकादशीच्या ताटातली तुपात परतलेली खिचडी आणि वनस्पती तुपात तळलेले वडे रोजच्या भाकरी-आमटीपेक्षा जड पडतात. उपवासातला संयम तिथे उरत नाही. खिचडीतल्या शेंगदाण्यातला मेद बहुतांशी असंपृक्त असतो, तळणातल्या वनस्पती तुपाचे तसे नाही. सातारा-सांगलीकडे अनेक बायका लावतात ती मशेरीही तंबाखूच, आणि तंबाखू रक्तवाहिन्यांना इजा करतो.

समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज साताऱ्यात, तर बहे आणि शिराळा सांगलीत आहेत. मारुतीची ही बलोपासना देहाला तुच्छ मानत नाही. तिचा अर्थ घेतला तर चालणे, तेल-तूप मोजून वापरणे, रक्त तपासणे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी नियमित घेणे हीही साधनाच ठरते. गोळी घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही.

म्हणून रोग्याला दोष देणे आणि प्रारब्धावर हवाला ठेवून स्वस्थ बसणे, दोन्ही टाळायला हवे. वारशाने आले ते निमूट स्वीकारावे. जे करता येते, त्यात कसूर करू नये.