सोनाराचा मुलगा आणि सारिपुत्त



धम्म स्वीकारला, घरातील देव विसर्जित केले, तरी एक जुनी सवय आपल्या जिभेवर राहून गेली आहे. थोरला तापट राशीचा, धाकटा मुळातच मठ्ठ, सून राक्षसगणी! लग्न ठरविताना काही घरी अजून पत्रिका काढून गण जुळवितात. जन्मावरून गुण ठरविण्याच्या याच रीतीने आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवले होते. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिली. ती घेऊनही गण पाहावयाचे, याला काय म्हणावे?

कोणी विचारील, बौद्ध ग्रंथांतही माणसांचे प्रकार आहेतच ना? आहेत. इसवी सनाच्या ५व्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत 'विशुद्धिमग्ग' रचला. त्यात सहा चरिते, म्हणजे स्वभाव, सांगितले आहेत: राग (म्हणजे आसक्ती, संताप नव्हे), द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क. ते ओळखण्याच्या खुणाही आहेत. रागचरित माणूस केरसुणी नीट धरून, वाळू न उधळता सावकाश झाडतो. द्वेषचरित ती घट्ट आवळून घाईने झाडतो, वाळू दोन्हीकडे उडवितो. मोहचरिताची पकडच सैल. परंतु आचार्य तेथेच बजावतात की, या खुणा मूळ पाळीत वा अट्ठकथेत पूर्णपणे आलेल्या नाहीत, हे केवळ आचार्यांचे मत आहे, म्हणून त्यांवर विसंबू नये. केवढा प्रामाणिकपणा! आणि झाडण्याचे म्हणाल तर आपल्या म्हाताऱ्या आयाबायांना विचारा. दुसऱ्याच्या अंगणात शिव्या खात झाडणारा हात आणि विहाराचे अंगण झाडणारा हात एकच असतो. चालतो मात्र निराळा.

धम्मपदाच्या अट्ठकथेत एक गोष्ट आहे. सोनाराचा एक तरुण मुलगा सारिपुत्तांजवळ भिक्खू झाला. तरुणांत आसक्ती प्रबळ असते, असे समजून सारिपुत्तांनी त्याला अशुभभावना, म्हणजे देहाच्या किळसवाण्या रूपाचे ध्यान, दिले. पोराने अरण्यात जाऊन मनापासून खटपट केली. चित्त काही स्थिरावेना. तो परत आला. पुन्हा तेच ध्यान मिळाले. असे चार महिने गेले. शेवटी सारिपुत्त त्याला तथागतांकडे घेऊन गेले. आपला अंदाज चुकला हे धम्मसेनापतींना सांगावेसे वाटले, लपवावेसे वाटले नाही.

तथागतांनी त्याच्या हाती सोन्याचे कमळ दिले व विहाराच्या कडेला वाळूच्या ढिगावर ते रोवून पाहत बसण्यास सांगितले. त्याचे चित्त तत्काळ एकाग्र झाले. पुढे ते कमळ कोमेजताना पाहून त्याला अनित्यता उमगली. गोष्टीतील चमत्कार आणि पूर्वजन्म बाजूला ठेवा. सारिपुत्तांनी तरुण पाहिला, तथागतांनी हा मुलगा पाहिला. सोन्याच्या झळाळीत वाढलेल्या डोळ्यांना किळस दाखवून काय होणार होते?

आपल्या घरातील ज्या लेकराला आपण मठ्ठ म्हणतो, ते शाळेतून आल्यावर कशाकडे टक लावून बसते, हे या पंधरवड्यात एकदा शेजारी बसून पाहा.