सुट्टी कशापासून ?

चैत्र सरत आला, परीक्षा उरकल्या आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत होऊं लागल्या, कीं आमच्या छत्रपति संभाजीनगरांतील बहुतेक सुशिक्षित घरांत एकच विषय निघतो : यंदा मे महिन्यांत कोठें जावयाचें ? ज्यांची ऐपत बेताची ते म्हैसमाळचें नांव काढतात. जरा बरी स्थिति असलेले महाबळेश्वर-माथेरानचें. आणि ज्यांचीं मुलें परदेशीं नोकरीस आहेत ते आल्प्सच्या दरींतील एखाद्या गांवाचें नांव इतक्या सहजपणें घेतात, कीं जणूं तें पैठणच्या वाटेवरच आहे. या बोलण्यांत पैशाचा विचार होतो, रजेचा होतो, आजीच्या गुडघ्यांचाही होतो. नीतीच्या दृष्टीनें या जाण्याचें स्वरूप काय, हा विचार मात्र कोणी करीत नाहीं. "उन्हाळ्यांत गार हवेस गेलें तर त्यांत पाप कसलें ?" असें वाचक हंसून विचारील. आम्हीही पुष्कळ वर्षें असेंच विचारीत होतों.

आधीं त्या गारव्याचाच हिशेब पाहूं. आमचें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंचीवर आहे आणि म्हैसमाळ हजार मीटरांच्या किंचित् वर. एक हजार मीटर चढलें असतां हवा सरासरी साडेसहा अंशांनीं निवते, असा भूगोलाचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे वेरूळ-खुलताबादेवरून चाळीसएक किलोमीटरांची वाट तुडवून आम्ही मिळवितों ते तीन अंश ! चाळीसांतून निघावयाचें आणि सदतिसांत जाऊन बसावयाचें. याहून मौजेची गोष्ट अशी, कीं स्वित्झर्लंडांतील ज्या इंटरलाकेन गांवाचें नांव आपल्याकडे घरोघर झालें आहे, तें दोन सरोवरांच्या मधलें गांवही सुमारें ५७० मीटरांवरच वसलें आहे. तेथें गारवा अर्थात् खरा आहे, पण तो उंचीपेक्षां अक्षांशाचा. आणि उरलेला डोळ्यांचा, कारण मान वर केली कीं युंगफ्राऊ शिखराचें बर्फ दिसतें. तें बर्फ आपल्या लोकांना हिंदी चित्रपटांनीं दाखविलें. म्हणून तर त्या गांवानें यश चोप्रा यांचा पुतळा २०१६ सालीं उभारला. तात्पर्य, आपण घर सोडतों तें केवळ पाऱ्यासाठीं नव्हे. जेथें आपणांस कोणी ओळखत नाहीं, जेथें दूधवाला, विद्यार्थी, सोसायटीचे चिटणीस यांपैकीं कोणीही दार वाजवीत नाहीं, तेथें आपणांस जावयाचें असतें. गार हवा हें त्याचें सभ्य नांव आहे.

ही चाल आपल्याकडे फार जुनी नाहीं. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आजोळ, हा आमच्या लहानपणापर्यंतचा अर्थ. वेरूळ-अजिंठ्याच्या भिक्षूंचा नियमही उलट होता. त्यांनीं एके ठिकाणीं राहावयाचें तें पावसाळ्यांत, उन्हाचें चालणें त्यांना चुकत नसे. आणि या शहराचें पूर्वींचें धोरण पाहावें तर, माणसांनीं गारव्याकडे जाण्यापेक्षां गारवाच माणसांकडे आणण्याचें होतें. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली आणि भूमिगत नहरींनीं शहरास पाणी पुरविण्याची परंपरा घालून दिली. पुढें पाणचक्कीलाही डोंगराकडचें पाणी असेंच आणलें गेलें. त्यावर दळण होई, आणि हौदाखालच्या दालनांत भर उन्हांतही यात्रेकरूंना गार वाटे. त्या गारव्यानें कोणाच्या वांट्याचें कमी होत नव्हतें.

थंड हवेचीं ठिकाणें ही साहेबाची देणगी. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांनीं साताऱ्याच्या छत्रपति प्रतापसिंहांकडून जागा मिळवून महाबळेश्वरास वसाहत केली. त्या वसाहतीच्या पानांत ताजी भाजी पडावी म्हणून तेथें मळे पिकविले ते तुरुंगांत आणून ठेवलेल्या चिनी कैद्यांनीं. डोंगरावर एक जण हौसेनें चढला होता, दुसरा बेडीनें. खुद्द आल्प्सची हकीकत फार निराळी नाहीं. कित्येक शतकें तो पर्वत म्हणजे ओलांडावयाची आपत्ति होती. १८६३ सालीं टॉमस कुक यांनीं प्रवाशांची टोळी स्वित्झर्लंडास नेली, आणि १८७१ सालीं लेस्ली स्टीफन यांनीं आपल्या पुस्तकाच्या नांवांतच आल्प्सला यूरोपचें क्रीडांगण म्हटलें. नांव गोड आहे. पण ज्याच्या गुरांचें तें कुरण त्याच्या दृष्टीनें तें क्रीडांगण नव्हतें, एवढें ध्यानांत ठेवावें.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. कोणी विरक्त म्हणेल, गांव उन्हांत भाजत असतां आपण सांवलींत जाऊन बसणें हेंच मुळीं अधर्म्य. हें मत आम्हांस मान्य नाहीं. आम्हीं उन्हांत राहून घाम गाळला म्हणून रस्त्यावर खडी टाकणाऱ्याच्या पाठीवरचें ऊन रेसभरही कमी होत नाहीं. ॲरिस्टॉटलनें तर माणूस काम करतो तें स्वस्थतेसाठीं असें सांगून, स्वस्थता आणि करमणूक यांत भेद केला आहे. करमणूक पुन्हा कामास जुंपण्यापुरती, स्वस्थता मात्र स्वतःच एक श्रेष्ठ वस्तु. वर्षभर शिकवून थकलेल्या माणसानें चार दिवस झाडाखालीं वाचीत पडावें, यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. दोष दुसरीकडे आहे, आणि तो आम्हांस एका मुलाच्या प्रश्नानें दाखविला.

तें २०१६ सालचें मे महिन्यांतलें. मराठवाड्याला तो दुष्काळ आठवत असेल. एप्रिलमध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पांच लाख लिटर पाणी. आमच्या घरीं नळ कित्येक दिवसांआड येई. आंघोळीस माणशीं एक बादली, भाजी धुतलेलें पाणी मोगऱ्याला, असा कडक नियम होता, आणि त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. त्याच एप्रिलांत मुंबई उच्च न्यायालयानें आयपीएलचे ३० तारखेनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितलें, तेव्हां प्राध्यापकांच्या खोलींत आम्हीं त्या निकालाची तावातावानें बाजू घेतली होती. मैदानाचें पाणी वांचवून लातुराला थेंबही मिळणार नाहीं, असें एक सहकारी म्हणत. तें खरेंच होतें. आमचें उत्तर असें, कीं शेजारीं मयत झालें असतां आपण दारांत वाजंत्री लावीत नाहीं. न लावल्यानें मेलेला उठत नाहीं, तरीही लावीत नाहीं.

आणि त्यानंतर महिन्याच्या आंत आम्ही सहकुटुंब म्हैसमाळला गेलों. एका लहानशा विश्रामगृहांत तीन दिवस उतरलों. गिरिजादेवीचें दर्शन झालें, संध्याकाळीं कड्यावर वारा खाल्ला. नळाला पाणी होतें. आमचा धाकटा तेव्हां दहा वर्षांचा; तो दिवसांतून दोनदां मनसोक्त न्हाऊं लागला, आणि आम्हांपैकीं कोणाच्याही तें लक्षांत आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं खिडकींतून पाहतों, तों फाटकाशीं टँकरनें भरलेलीं पिंपें होतीं. रखवालदाराची तेरा-चौदा वर्षांची मुलगी त्यांतून बादल्या भरून आणीत होती, आणि तो शिडीवर उभा राहून त्या गच्चीवरच्या टाकींत ओतीत होता. मुलगाही शेजारीं उभा राहून पाहत होता. थोड्या वेळानें तो म्हणाला, "बाबा, घरी एकच बादली आणि इथं कितीही, असं का ?"

"अरे, आपण सुट्टीवर आलोंय ना," आम्ही म्हणालों.

उत्तर तोंडांतून गेलें आणि आमचें आम्हांसच तें विचित्र वाटूं लागलें. सुट्टी नोकरीपासून असते हें खरें. पण बादली मोजण्यापासूनही ती मिळते, असें आम्हीं त्या मुलाला शिकविलें होतें.

येथें चाणाक्ष वाचक आम्हांस पकडील. मयताचा न्याय लावावयाचा तर दुष्काळाच्या सालीं म्हैसमाळला मुळीं जावयासच नको होतें ! आम्हांस तसें वाटत नाहीं. शेजारीं मयत असतांही माणूस जेवतो, झोपतो, कामासाठीं परगांवीं जातो. मात्र त्याच घरच्या रांजणांतून पाणी उपसून तो रंग खेळत नाहीं. कड्यावरचा वारा आम्हीं खाल्ला म्हणून त्या मुलीला तो कमी मिळाला नाहीं. पाण्याचें तसें नव्हतें. त्यांच्या आणि आमच्या बादल्या एकाच पिंपांत बुडत होत्या.

"पण आपण पैसे दिले होते," असें आमच्या पत्नीनें परत येतांना म्हटलें, आणि हा युक्तिवाद वाटतो तितका हलका नाहीं. त्या पैशांवर तें घर चालत होतें. आजोळीं आम्हीं कधीं पैसे दिले नाहींत. पण तेथें पहांटे आडावर जावें लागे, आंबे उतरावे लागत, मामीच्या पापडांवर कावळे हांकीत बसावें लागे. पाणी किती खोल गेलें आहे तें आमच्या हातांना दोराच्या लांबीवरून कळे. पैशानें हें कळणें थांबतें. पैसा देणें गैर नाहीं, परंतु तो दिल्यावर पलीकडे काय चाललें आहे तें पाहण्याचें कारणच उरत नाहीं, आणि आम्हीं तर खिडकींतून पाहिलें तेंही योगायोगानें.

माथेरानास हाच प्रश्न याहून उघड्या रूपांत उभा होता. तेथें मोटारींना मज्जाव असल्यामुळें माणसानें माणसाला हातरिक्षेंत बसवून ओढावें लागे. बसावें तर लाज, न बसावें तर त्याची त्या दिवसाची भाकरी बुडते; एकट्या प्रवाशाच्या विवेकाला या पेंचांतून वाटच नव्हती. पूर्वीं एकदां आम्ही तेथें पायीं चाललों, आणि रिक्षावाल्याला उगाच कांहीं पैसे देऊं केले. ते त्यानें घेतले नाहींत. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा प्रकार सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची सोय करावी असा आदेश दिला, तेव्हां भाकरी आणि लाज या दोन गोष्टी प्रथमच सोडवून वेगळ्या करण्याचा मार्ग दिसला. कांहीं गांठी घरच्या नियमांनीं सुटत नाहींत, हें आम्हां नियमप्रिय मंडळींना कबूल करावें लागतें.

पुढच्या उन्हाळ्यांत आम्ही पुन्हा त्याच ठिकाणीं उतरलों. या वेळीं धाकट्यानें आपण होऊन एका बादलीचा नियम जाहीर केला होता. आम्हीं रखवालदाराला बाजूस घेऊन, टँकर किती दिवसांनीं येतो, टाकींत किती मावतें, अशी चौकशी सुरू केली. त्याला ती आवडली नसावी. "सर, पाव्हण्यानं पाणी मोजायचं नसतं," तो म्हणाला, "आम्ही मोजतो ना."

यावर काय बोलावें तें सुचेना. विषय बदलावा म्हणून आम्हीं मुलीची चौकशी केली. ती कोठें दिसत नव्हती. मामाकडे गेली होती, कन्नडच्या बाजूला, महिनाभरासाठीं.

"तिलाबी सुट्टी हाय की, सर," असें म्हणून त्यानें शिडी उचलली.