संकेतस्थळ एक की अनेक?

स्थिर संकेतस्थळाचे मुखपृष्ठ बहुधा 'इंडेक्स' नावाच्या एकाच एचटीएमएल फाइलमध्ये असते. मजकूर वाढला की 'परिचय', 'लेख', 'संपर्क' अशी पाने वेगळ्या फायलींत जातात आणि त्यांना जोडणारी दुव्यांची यादी प्रत्येक पानाच्या माथ्यावर येते. पान मागितले जाते त्या क्षणी सर्व्हर काही जुळवत नाही. म्हणून ही यादी प्रत्येक फाइलमध्ये आधीच असावी लागते. मग फायली अनेक असताना 'एक संकेतस्थळ' नेमके कुठे असते?

अनेक भागांतले 'एक' कुठे असते, हा प्रश्न भारतीय दर्शनांत जुना आहे. न्याय-वैशेषिक मतानुसार अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली पूर्ण वस्तू, हा अवयवांहून वेगळा, खरा पदार्थ आहे. वस्त्र तंतूंमध्ये समवायसंबंधाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहते. ते केवळ तंतूंचा ढीग नव्हे. याउलट 'मिलिंदपञ्ह' या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रथाचा दाखला देतात. चाके, आस, दांडी यांपैकी काहीही रथ नाही. 'रथ' हे त्यांच्या आधाराने दिलेले व्यवहारातले नाव आहे.

संकेतस्थळाची रचना बौद्ध मताकडे झुकते. दुवा एकाच दिशेने जातो; ज्या पानाकडे तो नेतो, त्या पानाला त्याची खबर नसते. त्यामुळे प्रत्येक पानाने इतरांची नावे स्वतः सांगावी लागतात. एका फाइलमधील यादी जुनी राहिली, तर एकत्व तिथेच तुटते. मात्र नैयायिकांचा आक्षेपही उरतो: वाचकाला येणारा 'हे एक आहे' हा प्रत्यय निराधार कसा मानावा? त्या प्रत्ययाचा आधार पानांच्या परस्परसंबंधात आहे, आणि तो संबंध सतत जपावा लागतो.